गाठीतील खुणा आणि शंभरांचा हिशेब

२०१५ साली आमच्या अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, डाव्या स्तनात गाठ आली. तिचे वय तेव्हा ४६ होते. तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात ती गाठ काढली आणि बारा दिवसांनी एक कागद हाती आला. इंग्रजीत टाइप केलेल्या बऱ्याच ओळी होत्या आणि अगदी शेवटी तीन नावे होती: ई.आर., पी.आर. आणि हर-टू. तिन्हींपुढे एकच शब्द, 'निगेटिव्ह'. दाजींनी तो शब्द वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. निगेटिव्ह म्हणजे 'नाही'. म्हणजे कॅन्सर नाहीच! काविळीचा, मलेरियाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला की आपण सुटलो म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. त्यांनी मारुतीला नारळ फोडला. संध्याकाळी शेजारचा एक शिकलेला मुलगा आला, त्याने मोबाइलमध्ये काहीतरी शोधले आणि म्हणाला, "दाजी, तिन्ही निगेटिव्ह म्हणजे सगळ्यांत वाईट जात." सकाळी नारळ फुटलेल्या घरात रात्री चूल पेटली नाही.

मग मला फोन आला. दाजी म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही आकड्यांतली माणसं. किती दिवस आहेत तेवढं सांगा."

मी डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवितो, इतकेच. परंतु त्या फोननंतर जे वाचावे लागले, ज्या डॉक्टरांना विचारावे लागले, त्यातून जे समजले ते आज तुमच्यापुढे मांडतो. असा कागद आज पुष्कळ घरांत आहे. गावात इंग्रजी कागद आला की तो शाळेतल्या गुरुजींकडे किंवा बाईंकडे वाचायला जातो, म्हणून शिक्षकांनी तर हे माहीत करून घ्यावेच.

आपल्या जुन्या वैद्यांकडे 'साध्यासाध्यविचार' म्हणून एक प्रकरण असे. औषध देण्याआधी वैद्य मनाशी ठरवी: हा रोग सहज बरा होणारा आहे, कष्टाने बरा होणारा आहे, बरा न होता औषधाने नुसता थोपवून धरता येणारा आहे, की हात टेकावे असा आहे? यालाच सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य म्हणत. रोगाची पुढची वाटचाल कशी होईल याचा अंदाज आधी बांधायचा आणि मग उपचाराला हात घालायचा. आजचा कर्करोगतज्ज्ञही तेच करतो. फरक आहे तो खुणांमध्ये. वैद्य नाडी पाही, वर्ण पाही. गेल्या शतकातल्या शल्यवैद्यांनी तीन गोष्टी पाहिल्या: गाठ किती मोठी आहे, काखेतल्या गाठींपर्यंत रोग पोचला आहे काय, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी किती बिघडलेल्या दिसतात. या तीन खुणा आजही खऱ्या आहेत. त्यांना कोणी बाद केलेले नाही. पण एक कोडे त्यांनी उलगडत नव्हते. दोन बायका, दोघींची गाठ लिंबाएवढी, दोघींची काख स्वच्छ, शस्त्रक्रिया एकाच हाताने केलेली. त्यांतली एक नातवंडांची लग्ने पाहते आणि दुसरीचा रोग दोन वर्षांत हाडात उतरतो. असे का व्हावे? बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या दोन गाठी आतून निराळ्या असल्या पाहिजेत.

आत काय असते ते थोडक्यात पाहू. आपल्या शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए नावाच्या लांबच लांब धाग्यावर कामाच्या आज्ञा लिहिलेल्या असतात. एकेका आज्ञेला जनुक म्हणतात. जनुकाबरहुकूम पेशीत प्रथिन तयार होते आणि प्रत्यक्ष काम ते प्रथिन करते. कर्करोगाच्या पेशीत यांतल्या काही आज्ञा खोडलेल्या, बदललेल्या किंवा पुन्हापुन्हा नकलून काढलेल्या असतात. म्हणून गाठीचा एक तुकडा घेऊन त्यातली जनुके किंवा त्यांनी घडविलेली प्रथिने तपासली, तर त्या गाठीचा स्वभाव कळू शकतो. हीच आपली 'खूण'.

येथे एक गैरसमज आधी काढून टाकतो, कारण त्यापायी मुलींची लग्ने मोडलेली मी पाहिली आहेत. जनुक म्हटले की लोकांना वाटते, हे आईकडून लेकीला जाणारच. तसे नाही. गाठीतले बहुतेक बिघाड त्या गाठीतच जन्मलेले असतात. ते रक्तातून, वंशातून आलेले नसतात आणि लेकीकडे जात नाहीत. स्तनाच्या शंभर कर्करोगांपैकी पाच ते दहाच असे असतात की ज्यांत बिघडलेले जनुक वारशाने आलेले असते. त्यांतले प्रसिद्ध म्हणजे बी.आर.सी.ए. नावाचे जनुक. अमेरिकेतील मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली त्याचा ठावठिकाणा दाखविला आणि १९९४ साली ते हाती लागले. घरात दोन-तीन जणींना, तेही कमी वयात, हा रोग झाला असेल तर त्याची तपासणी जरूर विचारावी. पण अक्काच्या कागदावरची तीन नावे त्या जातीची नव्हती. ती तिच्या गाठीची होती, तिच्या मुलीची नव्हेत.

आता ई.आर. म्हणजे काय? याची कथा मागे पार १८९६ पर्यंत जाते. ग्लासगो शहरात जॉर्ज बीट्सन नावाचे एक शल्यवैद्य होते. स्तनाचा कर्करोग हाताबाहेर गेलेल्या काही बायकांची त्यांनी अंडाशये काढून टाकली आणि काय नवल, काहींच्या छातीवरच्या गाठी विरघळू लागल्या! पोटातल्या अवयवाचा छातीवरच्या रोगाशी संबंध काय, हे तेव्हा कोणालाच नीट सांगता येईना. आणि गुण सगळ्यांना येत नसे. सुमारे तिघींतल्या एकीला येई. कोणती ती एक, हे आधी ओळखण्याची सोय नव्हती. म्हणजे दोघींचे पोट फुकट फाडले जाई. साठ वर्षे हे असेच चालले.

पुढे शिकागोतील एल्वुड जेन्सन यांनी त्याचा उलगडा केला. अंडाशयातून इस्ट्रोजेन नावाचा रस रक्तात मिसळतो. त्याला संप्रेरक म्हणतात. जेन्सन यांनी १९५० नंतरच्या दशकात या इस्ट्रोजेनला किरणोत्सर्गी खूण लावून ते शरीरात कोठे जाते ते पाहिले. गर्भाशयासारख्या ठराविक अवयवांच्या पेशी ते धरून ठेवीत, बाकीच्यांत ते थांबत नसे. कारण त्या पेशींत इस्ट्रोजेनला पकडणारे एक प्रथिन असते. कुलपात किल्ली बसावी तसे इस्ट्रोजेन त्यात बसते आणि पेशीला 'वाढ' असा हुकूम मिळतो. या कुलपाचे नाव ई.आर. पी.आर. हे दुसऱ्या एका संप्रेरकाचे तसेच कुलूप. स्तनाच्या काही गाठींत ही कुलपे असतात, काहींत नसतात. ज्या गाठीत ती आहेत तिचे खाणेच मुळी इस्ट्रोजेन. ते तोडले की गाठ उपाशी पडते. बीट्सन यांच्या तिघींतली ती एक बाई अशी होती.

म्हणजे या कागदावर 'पॉझिटिव्ह' हा शब्द चांगला! दाजींचा घोटाळा झाला तो येथे. आता अंडाशय काढण्याचीही बहुधा गरज पडत नाही. टॅमॉक्सिफेन नावाची गोळी कुलपात मोडक्या किल्लीसारखी जाऊन बसते. दार उघडत नाही आणि खऱ्या किल्लीला जागाही मिळत नाही. ई.आर. असलेल्या बाईने ही गोळी पाच वर्षे रोज घेतली, तर पुढच्या पंधरा वर्षांत या रोगाने मरण येण्याचा धोका सुमारे एक-तृतीयांशाने कमी होतो. हजारो बायकांच्या चाचण्या एकत्र करून काढलेला हा निष्कर्ष आहे. गोळी जुनी आहे, स्वस्त आहे. मात्र ज्या गाठीत कुलूपच नाही तिच्यावर या किल्लीचा काही उपयोग नाही. एवढे लक्षात ठेवा, कारण अक्काची गोष्ट याच मुद्द्यावर फिरणार आहे.

तिसरे नाव हर-टू. याची हकीकत मला सगळ्यांत उद्बोधक वाटते, आणि तिच्यात मुंबईचाही थोडा वाटा आहे. अमेरिकेत बॉस्टनजवळ रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत मुंबईहून गेलेले लक्ष्मीचरण पाढी हे संशोधक काम करीत होते. उंदरांच्या मज्जापेशींच्या कर्करोगातून घेतलेला डीएनए साध्या पेशीत घातला की त्या पेशीही कर्करोगी होत आणि त्यांच्या अंगावर एक विशिष्ट प्रथिन दिसू लागे. हे त्यांनी १९८२ साली प्रसिद्ध केले. या जनुकाला 'न्यू' असे नाव पडले. पुढे १९८५च्या सुमारास ॲक्सेल उलरिश यांना व इतरांना माणसातले तेच जनुक सापडले. तेच हर-टू. ते पेशीच्या अंगावर एक प्रकारचा कान बसविते. बाहेरून 'वाढा' असा निरोप आला की तो या कानाने ऐकू येतो.

निरोगी पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची व एक बापाची. लॉस एंजेलिसचे डॉक्टर डेनिस स्लॅमन यांनी स्तनाच्या १८९ गाठींचे नमुने जमवून तपासले, तेव्हा त्यांतल्या सुमारे ३० टक्क्यांत या प्रती वाढलेल्या निघाल्या, काहींत तर वीसपटींहून अधिक. सातबाराचा एकच उतारा असावा आणि कोणी त्याच्या वीस नकला काढून वीस ठिकाणी कर्ज उचलावे, तसा हा प्रकार. पेशीच्या अंगावर कानच कान. कुजबुजलेलेही तिला आरोळीसारखे ऐकू येणार. आणि ज्यांच्या गाठीत प्रती जास्त, त्यांचा रोग लवकर उलटत होता, त्या लवकर दगावत होत्या. हा शोध १९८७ साली छापून आला. आज मोठ्या प्रमाणावर तपासणी होते तेव्हा हर-टूच्या गाठी शंभरात पंधरा ते वीस निघतात.

त्या काळी ज्या बाईच्या गाठीत हर-टू निघाले, तिला डॉक्टर काय सांगत असतील? वाईट खूण, एवढेच. पण खूण ओळखली की तिच्यावर नेम धरता येतो. त्या कानात नेमका बोळा बसेल असे एक औषध तयार झाले, ट्रास्टुझुमाब. अमेरिकेत १९९८ साली त्याला परवानगी मिळाली. आधी ते रोग पसरलेल्या बायकांना देत. तेव्हा आयुष्य काही महिन्यांनी वाढे. मग ते शस्त्रक्रियेनंतर लगेच, रोग पसरण्याआधी देऊन पाहिले. २००५ साली त्या चाचण्यांचे निष्कर्ष आले: रोग उलटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते. १९८७ साली जी खूण पाहून डॉक्टर मान हलवीत, तीच खूण आज निघाली तर म्हणतात, बरे झाले, हिला औषध आहे. गाठ तीच, जनुक तेच. बदलले ते आपल्या हातातले हत्यार. म्हणून जुन्या पुस्तकातले किंवा मोबाइलवर कोठेतरी सापडलेले भाकीत वाचताना ते कोणत्या सालच्या बायकांवरून काढलेले आहे, हे आधी पाहावे. दहा वर्षांपूर्वीच्या बाजारभावावर आज कांदा कोणी विकील का?

औषध महाग होते आणि आजही स्वस्त नाही. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला आवश्यक औषधांच्या यादीत घेतले आणि आपल्या देशातही त्याच तोडीची औषधे तयार होऊ लागली. त्यामुळे किंमत उतरली. तरी शेतकऱ्याच्या घराला वर्षभराचा खर्च झेपणे कठीणच. शासकीय योजनेतून काय मिळते याची चौकशी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी करावी. शेत विकल्यावर नव्हे.

याच्याही पुढच्या तपासण्या निघाल्या आहेत. एकेक जनुक न पाहता एकदम एकवीस जनुके किती जागी आहेत ते मोजायचे आणि शंभरांपैकी गुण द्यायचे. ई.आर. असलेल्या, हर-टू नसलेल्या आणि काख स्वच्छ असलेल्या दहा हजारांहून अधिक बायकांवर असा एक मोठा प्रयोग झाला. २०१८ साली त्याचा निष्कर्ष आला की मधले गुण पडलेल्या बहुतेकींना नुसती गोळी पुरते, केमोथेरपी दिल्याने अधिक लाभ होत नाही. पन्नाशीच्या आतल्या काही जणींना मात्र थोडा लाभ दिसला. म्हणजे खुणेचा उपयोग औषध देण्यासाठी होतो तसा न देण्यासाठीही. केस गळणे, उलट्या, कामाचे खाडे, सगळेच वाचते. पण ही तपासणी फार महाग आहे आणि आपल्याकडे फार थोड्यांना परवडते. तेव्हा तिच्यात अधिक शिरत नाही.

त्यापेक्षा बाटलीविषयी सांगतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला खेड्यापाड्यातल्या माणसाच्या हातातला भाग तोच आहे.

गाठ शरीरातून काढली की ती कुजू लागते. कैरी चिरून मीठ न लावता ठेवली तर लोणचे होईल का? फोड काळी पडते, मग मसाला कितीही चांगला असो. गाठीचे तसेच आहे. ती काढल्यापासून तासाभराच्या आत फॉर्मालिन नावाच्या औषधी पाण्यात पडली पाहिजे. पाणी गाठीच्या दसपट तरी हवे, बाटलीचे तोंड रुंद हवे, आणि गाठ मोठी असेल तर ती डॉक्टरांनी चिरून ठेवावी, कारण हे पाणी आत फार हळू मुरते. त्यात ती निदान सहा तास आणि फार तर बहात्तर तास राहावी. मग प्रयोगशाळेत तिचा तुकडा मेणाच्या लहानशा वडीत बसवितात. तिला 'ब्लॉक' म्हणतात. त्याचे कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा पातळ काप काढून त्यांवर रंगाच्या तपासण्या होतात. कुलपे असतील तर पेशींची केंद्रके तपकिरी दिसतात. शंभरात एका पेशीने जरी रंग धरला तरी ई.आर. पॉझिटिव्ह धरतात. हर-टूला शून्य ते तीन असे अंक देतात. तीन म्हणजे आहे, शून्य वा एक म्हणजे पॉझिटिव्ह धरत नाहीत, आणि दोन आला तर नक्की सांगता येत नाही म्हणून जनुकाच्या प्रती मोजणारी दुसरी तपासणी करावी लागते. तुमच्या कागदावर दोन असेल आणि पुढची तपासणी झाली नसेल, तर तो कागद अर्धवट आहे असे समजा.

तुकडा वेळेवर फॉर्मालिनमध्ये पडला नाही तर ई.आर. नष्ट होते. मग रंग धरायला काही उरतच नाही आणि रिपोर्ट येतो: निगेटिव्ह! गाठीत कुलूप होते, पण प्रयोगशाळेपर्यंत पोचेतो ते गळून गेले. ज्यांत तिन्ही खुणा नाहीत अशा गाठी पाश्चात्य देशांत शंभरात दहा-पंधरा असतात. आपल्याकडच्या अभ्यासांत तो आकडा तीसच्या आसपास जातो. याला आपल्याकडे कमी वयात होणारा रोग वगैरे खरी कारणे असतीलच. पण त्यांतला काही भाग नीट न राखलेल्या नमुन्यांचा असावा, असे म्हणणारे तज्ज्ञ आहेत. मला ते पटते, आणि त्याचे कारण आमच्या घरात घडलेले आहे.

अक्काला आम्ही मोठ्या शहरातल्या रुग्णालयात नेले. तेथल्या विकृतिशास्त्रज्ञ बाईंनी, म्हणजे हे काप तपासणाऱ्या डॉक्टरांनी, पहिला प्रश्न विचारला: "गाठ कशात घालून आणली होती?" दाजींना आठवले. त्या दवाखान्यात गाठ त्यांच्याच हाती दिली होती, सलाइनच्या पाण्यात, प्लॅस्टिकच्या डबीत. दुसऱ्या दिवशी एस.टी.ने जिल्ह्याला नेली. मध्ये एक रात्र डबी फळीवर होती, ऐन मे महिन्यात. बाईंनी मान हलविली. सुदैवाने पहिल्या शस्त्रक्रियेत रोगाचा काही भाग आत राहिला होता. सुदैवाने म्हणतो खरा, पण त्या वेळी ते ऐकून अक्का मटकन खाली बसली होती. दुसरी शस्त्रक्रिया झाली, तुकडा तासाभरात फॉर्मालिनमध्ये पडला आणि आठवड्याने कागद आला. ई.आर. पॉझिटिव्ह, शंभरात ऐंशी पेशींत. हर-टू शून्य.

पहिल्या कागदावर विसंबलो असतो तर अक्काला गोळी कोणीच लिहून दिली नसती.

आता दाजींच्या मूळ प्रश्नाकडे येतो: किती दिवस? हा प्रश्न माझ्या विषयाचा, म्हणून येथे मी थोडा ऐसपैस बसतो. पेरणीआधी तुम्ही ज्वारीचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवता. चार-पाच दिवसांनी ऐंशी उगवले तर म्हणता, बियाणे ऐंशी टक्क्यांचे आहे. आता पोत्यात हात घालून एक दाणा उचला आणि सांगा, हा उगवेल काय? सांगता येत नाही. 'हा दाणा ऐंशी टक्के उगवेल' या वाक्याला अर्थही नाही. तो उगवेल किंवा उगवणार नाही. ऐंशी हा आकडा पोत्याचा आहे, दाण्याचा नाही. डॉक्टर जेव्हा म्हणतात, 'अशा खुणांच्या शंभर बायकांपैकी पंच्याऐंशी दहा वर्षांनी हयात असतात', तेव्हा ते पोत्याविषयी बोलत असतात. औषध कोणते, किती, हे ठरवायला तो आकडा फार मोलाचा आहे, जसे उगवण पाहून तुम्ही एकरी बियाणे कमी-जास्त करता. पण तुमची अक्का त्या पंच्याऐंशींत की पंधरांत, हे तो आकडा सांगत नाही.

शिक्षकांना एक सुचवितो. वर्गात मुलांकडून शंभर दाण्यांऐवजी दहा-दहा दाण्यांच्या दहा पुड्या भिजवून घ्या. बियाणे एकच, पण एका पुडीत दहाही उगवतील, एकीत सहाच. मुले भांडू लागतील की माझे बियाणे चांगले. तेथे थांबून त्यांना विचारा, असे का झाले? संभाव्यतेचा पहिला धडा इतका स्वस्त दुसरीकडे कोठे मिळत नाही.

दुसरी गोष्ट 'मध्या'ची. स्टीफन जे गूल्ड नावाचे अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञ होते. १९८२ साली त्यांना पोटाच्या अस्तराचा एक दुर्मीळ कर्करोग झाला. ग्रंथालयात जाऊन त्यांनी पाहिले तर लिहिले होते, मध्य आयुर्मान आठ महिने. दुसरा कोणी तेथेच खचला असता. गूल्ड यांना संख्याशास्त्र येत होते. आठ महिने हा मध्य, म्हणजे निम्मे लोक आठ महिन्यांच्या आत जातात आणि निम्मे त्यापुढे जगतात. पुढे किती? त्याला वरची हद्द नाही. रांगेची ती बाजू लांब शेपटीसारखी पसरलेली असते. आपण तरुण, रोग लवकर सापडलेला, उपचार उत्तम. तेव्हा आपण त्या शेपटीत असण्याचा संभव बराच, असा त्यांनी हिशेब केला. ते वीस वर्षे जगले. २००२ साली वारले ते दुसऱ्याच कर्करोगाने. 'डॉक्टरांनी आठ महिने दिले' असे आपण म्हणतो ना, ते वाक्यच चुकीचे आहे. डॉक्टरांनी मध्य सांगितलेला असतो आणि आपण ती मुदत समजतो.

चांगली खूण, वाईट खूण हे शब्दही जरा बेतानेच वापरावेत. तिन्ही खुणा नसलेला रोग उलटायचाच तर बहुधा पहिल्या पाच वर्षांत उलटतो. ती वर्षे सुखरूप गेली की धोका बराच उतरतो. ई.आर. असलेला रोग सावकाश चालतो, पण त्याची आठवण लांब. वीस वर्षांनीसुद्धा तो कोठेतरी डोके वर काढू शकतो. म्हणून 'चांगली खूण' निघालेल्या बाईने गोळी दोन वर्षांत सोडून दिली, तर तिने आपला फायदा स्वतःच घालविला. आणि अशा बायका थोड्या नाहीत. अंगातून वाफा निघतात, सांधे धरतात, घरचे म्हणतात, "आता तर बरी दिसतेस, कशाला गोळ्या?" त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगावे, गोळी बदलता येते. मनाने बंद करू नये.

एवढ्या खुणा सांगितल्या, तरी गाठ लहान असताना सापडणे ही जुनी खूण अजून सर्वांत वजनदार आहे. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली एक प्रयोग सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायका त्यात होत्या. त्यांपैकी निम्म्या वस्त्यांत शिकविलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी जाऊन हातांनी स्तन तपासत. कसलेही यंत्र नाही. २०२१ साली वीस वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्या बायकांत रोग आधीच्या अवस्थेत सापडला होता, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होते. पन्नाशीच्या आतल्या बायकांत तसा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. शिकविलेल्या बाईच्या बोटांनी होणारे हे काम आहे. गावच्या आशाताईंना आणि परिचारिकांना ते शिकविण्यास कोणाची हरकत असू नये.

दाजींना मी फोनवर त्या दिवशी काय सांगितले? "दिवस मोजता येत नाहीत, आधी कागद खरा आहे का ते पाहू," एवढेच. अक्काने गोळी पाच वर्षे घेतली, २०२१ साली संपविली. वर्षातून एकदा ती दाखवायला जाते. तिच्या मेणाच्या वडीचा क्रमांक दाजींनी पंचांगाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे, कारण त्या रुग्णालयातल्या बाईंनी त्यांना सांगितले होते की ब्लॉक जपून ठेवलेला असतो, उद्या नवी तपासणी निघाली तर तोच उपयोगी पडेल आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे झाले तर तो मागून नेता येतो. पंचांग दरवर्षी बदलते, तसा क्रमांकही दरवर्षी नव्याने उतरतो.

मागे त्यांच्या वाडीतल्या एका बाईची गाठ काढायची होती. तिचा नवरा घाबरला म्हणून दाजी सोबत गेले. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर ते रुंद तोंडाची बाटली घेऊन उभे राहिले आणि परिचारिका बाहेर येताच त्यांनी विचारले, "बाई, फॉर्मालिन घातलंय नव्हं? किती वाजता काढली ते बी चिठ्ठीवर लिवा." परिचारिकेला वाटले, हे कोणी डॉक्टरच असावेत. तिने वेळ लिहून दिली.